समासातले शेरे

टीव्ही घरातून गेला तो एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, जुन्या रजईत गुंडाळून, मेहुण्याच्या टेम्पोतून. अधीक्षक त्याला पोचवायला दारापर्यंतसुद्धा गेले नाहीत. ते खिडकीशी उभे राहून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते, आणि आपण टाकीकडे बघतो आहोत हे मेहुण्याला दिसेल याची काळजी घेत होते.

कारण विचाराल तर फार मोठं नव्हतं. आदल्या संध्याकाळी बातम्यांमधला माणूस टेबलावर हात आपटून ओरडला, "उत्तर द्या!" अधीक्षकांनी उत्तर दिलं. चांगलं मुद्देसूद, तीन भागांत. त्यांचा तिसरा मुद्दा ऐन रंगात आला असताना त्या माणसानं जाहिरात लावली. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षं काढलेल्या आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आजवर पुष्कळांनी मध्येच तोडलं होतं. पण मुद्दा चालू असताना साबण कोणी विकला नव्हता.

"यापुढे या घरात पुस्तकं वाचली जातील," त्यांनी जाहीर केलं.

"कोण वाचणार?" काकूंनी विचारलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना काकू म्हणते, आपणही तेच म्हणू, उगीच वाद नको.

"मी वाचणार."

"बरं," काकू म्हणाल्या.

लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला 'बरं' या शब्दाचे निदान अकरा प्रकार ओळखता येतात. हा नववा होता. नववा फार झोंबतो.

मेहुण्यानं तर जाता जाता मीठच चोळलं. "दाजी, अडगळीच्या खोलीत ठेवतो. महिन्याभरात न्यायला याल तेव्हा आधी एक फोन करा, टेम्पो सांगावा लागतो."

झालं. आता प्रश्न वाचनाचा उरला नाही, इभ्रतीचा झाला. टीव्ही परत येणं म्हणजे मेहुण्याच्या टेम्पोतून स्वतःचं नाक परत येणं. अधीक्षकांनी मनाशी ठरवलं, एक पुस्तक, जाडजूड, पहिल्यापासून शेवटपर्यंत, महिन्याच्या आत. मग येऊ दे टेम्पो.

बातमी दुपारपर्यंत इमारतभर पसरली आणि संध्याकाळपर्यंत सल्ले जमा झाले. तळमजल्यावरचे होमिओपॅथ म्हणाले, जेवणाआधी वाचू नका, जेवणानंतर तर मुळीच वाचू नका. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका जिन्यात थांबून फार मायेनं म्हणाल्या, "सुरुवातीला पातळ घ्या हं. चित्रं असलेलं असेल तर उत्तमच." समोरच्या दारातले विमावाले मात्र गंभीर झाले. "टीव्ही नसलेल्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलायला लागतात," ते म्हणाले. "या धोक्यासाठी आमच्याकडे पॉलिसी नाही."

अधीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात हजर झाले ते पुस्तक आणायला. पण पुस्तक आणायचं तर सभासद व्हावं लागतं, आणि सभासद व्हायचं तर राहत्या घराचा पुरावा लागतो.

"काय चालेल?" त्यांनी विचारलं.

ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "टीव्हीच्या केबलचं चालू बिल."

"ते मी कालच बंद केलं. वाचायचं म्हणूनच बंद केलं."

"मग अवघड आहे. समितीचा ठराव आहे. ज्याच्याकडे केबल असते तो माणूस घरीच सापडतो, असा समितीचा अनुभव आहे."

"विजेचं बिल चालेल?"

बाईंनी बिल पाहिलं. ते अधीक्षकांच्या वडिलांच्या नावावर होतं. वडील जाऊन सोळा वर्षं झाली होती. "त्यांना सभासद करता येईल," बाई विचार करून म्हणाल्या, "पण पुस्तक न्यायला त्यांनी स्वतः यायला हवं."

अधीक्षकांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं आवाज चढवला असता. अधीक्षकांना मात्र आतून बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. अशी अडवणूक त्यांनी स्वतः शेकडो लोकांची केली होती आणि यातून वाट कुठे असते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ठरावाची प्रत मागितली, तिच्यातलं पोटकलम काढून दाखवलं, आणि जुन्या सभासदाचा जामीन चालतो हे सिद्ध केलं. जामीन विमावाले राहिले. त्यांनी अर्जावर लिहून दिलं, "सदर गृहस्थ माझ्या समोर राहतात, इच्छा नसतानाही रोज दिसतात, व पुस्तके जपून हाताळतील." या शेवटच्या चार शब्दांनी विमावाल्यांना पुढे फार ताप दिला.

शिक्षिकांचा सल्ला लक्षात ठेवून अधीक्षकांनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. सहाशे बारा पानांची कादंबरी, एकही चित्र नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती. घरी येऊन ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि पान सहाशे बारा उघडलं.

इथे वाचकांनी दचकायचं कारण नाही. अधीक्षकांना पुस्तक कसं वाचतात हे माहीत नव्हतं असं नव्हे, पण हाताला वळण फायलीचं होतं. फाइल कधीही पहिल्या कागदापासून वाचत नाहीत. आधी शेवटचा कागद पाहायचा, म्हणजे प्रकरण कुठवर आलंय ते कळतं. मग एकेक मागे जायचं, म्हणजे ते कोणाच्या चुकीनं तिथवर आलं तेही कळतं.

शेवटच्या पानावर धाकटी सून दुकानाचं शटर खाली ओढते, किल्ली थोरल्या जावेच्या हातात ठेवते आणि एक शब्दही न बोलता बसमध्ये चढते. संपलं.

अधीक्षक ताठ बसले. किल्ली दिली? अशी? सही नाही, साक्षीदार नाही, पोच नाही? त्यांच्या कार्यालयात पंपघराची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायला तीन कागद लागत. आणि आधीच्या प्रकरणात पाहावं तर या दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता. मग किल्ली तिलाच का? त्यांनी त्याच्याआधीचं प्रकरण काढलं. मग त्याच्या आधीचं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी समोर ठेवलेला चहा पूर्ण थंड झाला आणि त्यांना त्याचा राग आला नाही. ही घटना काकूंनी कॅलेंडरवर टिपून ठेवली. टीव्हीसमोर ते दर दहा मिनिटांनी उठायचे. पाणी, खिडकी, पंखा, काहीतरी. आता बसले की बसले. कोणी ओरडत नव्हतं, कोणी उत्तर मागत नव्हतं, आणि तरी घर माणसांनी भरून गेलं होतं. म्हातारा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कोपऱ्यात बसलेला असायचा. थोरल्या जावेचा आवाज स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटायचा. लहानपणी पलंगाखाली लपून वाचताना जे व्हायचं ते साठीनंतरही होतं, याचा अधीक्षकांना इतका आनंद झाला की तो त्यांनी कोणालाही सांगितला नाही. सांगितला असता तर शिक्षिका "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाल्या असत्या.

आणि ते शेरे मारू लागले.

यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. कागद वाचला की समासात शेरा मारायचा, खाली आद्याक्षर आणि तारीख टाकायची. शेरा नाही तर वाचल्याचा पुरावा काय? पान सहाशे बारावर त्यांनी शिसपेन्सिलीनं लिहिलं, "किल्ली दिल्याची पोच कुठे आहे?" पाचशे चव्वेचाळीसवर, "थोरल्या दिराचे म्हणणे मोघम. पुराव्यानिशी मांडावे." चारशे अठ्ठ्याण्णववर नुसतं, "असहमत." तीनशे सत्त्याहत्तरवर म्हातारा घड्याळजी मरतो. तिथे त्यांनी बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि शेवटी फक्त तारीख टाकली.

पंधरा दिवसांची मुदत संपली त्या दिवशी ते पान दोनशे अकरापर्यंत मागे आले होते. मुदत वाढवून घ्यायला ते वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी शिक्का मारायला पुस्तक उघडलं, आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

"हे काय आहे?"

"शेरे," अधीक्षक म्हणाले.

"वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलंत?"

"समासात लिहिलंय. समास त्यासाठीच सोडलेला असतो. नाहीतर कागदाची एवढी नासाडी कोण करील?"

बाईंनी पुस्तक मिटलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. पुस्तक पुरावा म्हणून जप्त झालं, सभासदत्व थांबवलं गेलं, आणि येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीपुढे हजर राहण्याची लेखी सूचना अधीक्षकांच्या हातात पडली. सूचना निर्दोष होती. त्यांनी तिची मनातल्या मनात तारीफ केली आणि जड पायांनी घरी आले.

मधले दिवस वाईट गेले. दोघी जावांचं भांडण मुळात लागलं कशावरून, हे त्या कुलपात होतं. अधीक्षक रिकामे हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसायचे. आश्चर्य म्हणजे काकूंचाही जीव कशात लागत नव्हता. त्या दुपारी उगीच भांडी काढायच्या आणि परत लावायच्या.

"त्या समितीला अक्कल आहे का?" त्या एकदम म्हणाल्या.

"तुला काय त्याचं?"

"मला काय असणार! आपलं म्हटलं."

शनिवारी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, पुस्तक जप्त झालं म्हणे? मग आता संध्याकाळी काय करता? टेम्पो रिकामाच उभा आहे."

"टेम्पो विकून टाक," अधीक्षक म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवला खरा, पण समोरच्या भिंतीवर टीव्हीच्या जागी राहिलेला पांढुरका चौकोन त्यांच्याकडे बघत होता. उद्या पुस्तक मिळालं नाही तर या चौकोनाशी किती दिवस नजर भिडवणार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"माफी मागून मोकळे व्हा," विमावाल्यांनी जिन्यात हात जोडले. "माझी जामिनाची सही आहे हो."

"चूक असेल तर मागीन. वाचणं ही चूक नाही, आणि वाचलेलं कबूल करणं तर मुळीच नाही."

रविवारी वाचनालयाच्या वाचनकक्षात समिती बसली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कोणी बोलायला लागलं की मान वाकडी करून त्याच्या तोंडात बघायची त्यांना सवय होती. चिटणीसांचं रंगांचं दुकान होतं. मागच्या बाकावर विमावाले, शिक्षिका आणि होमिओपॅथ जमले होते. काकूही आल्या होत्या. "घरात बसून काय करू, टीव्ही नाही," असं कारण त्यांनी दिलं होतं.

"तुम्ही शेरे मारलेत हे मान्य?" अध्यक्षांनी विचारलं.

"मान्य. प्रत्येकाखाली माझी सही आहे. निनावी लिहिणाऱ्यांतला मी नाही."

"खेद वाटतो?"

"एका शेऱ्याबद्दल वाटतो. पान चारशे दोनवर मी धाकट्या सुनेला बेजबाबदार म्हटलंय. पुढे, म्हणजे मागे गेल्यावर कळलं, तिची चूक नव्हती. तो शेरा मला दुरुस्त करायचाय. पुस्तक द्या."

"पुस्तक देणार नाही!" चिटणीस म्हणाले. "दोनशे अकरापासून शेवटपर्यंत एक पान सोडलं नाहीत तुम्ही. आणि पहिल्या भागात तर कहर केलाय."

"पहिल्या भागात?" अधीक्षक म्हणाले. "तिथवर मी पोचलेलोच नाही."

"मग हे काय आहे?" चिटणीसांनी पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. "पान तीन. 'हिला पुढे त्रास होणार.' पान अठ्ठावन्न. 'जावेचंही बरोबर आहे, पण ऐकतो कोण!' पान नव्वद. 'आमच्याकडे हे रोजचंच आहे. यांना सांगून उपयोग नाही.' पान एकशे एकेचाळीस. 'दूध!' हे 'दूध!' म्हणजे काय?"

अधीक्षकांनी पुस्तकाकडे पाहिलं. अक्षर उजवीकडे कललेलं होतं आणि प्रत्येक उद्गारचिन्ह खिळा ठोकल्यासारखं होतं. वाण्याच्या यादीत 'साबण!' अशाच खिळ्यानिशी लिहिलेला असायचा. त्यांना रोजची दुपार आठवली. दोन ते चार ते झोपायचे. उठल्यावर पुस्तक टेबलाच्या दुसऱ्या कडेला सापडायचं आणि त्यांना वाटायचं, वारा आला असेल. जमिनीखालच्या नळाची गळती नुसत्या पावलानं ओळखणारा माणूस. स्वतःच्या घरात दोनशे पानं वाहून गेली तरी त्याला पत्ता नव्हता.

मागच्या बाकाकडे न बघता ते म्हणाले, "तेही शेरे माझेच."

"अक्षर वेगळं आहे."

"दुपारचं माझं अक्षर वेगळं असतं."

"'यांना सांगून उपयोग नाही' हेही तुम्हीच लिहिलंत? यांना म्हणजे कोणाला?"

"मला स्वतःला," अधीक्षक मान ताठ ठेवून म्हणाले. "मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या आहेत. खरंच उपयोग होत नाही."

मागे बाक करकरला. काकू उभ्या राहिल्या होत्या.

"अहो, पुरे झालं. खोटं बोलायची सवय नाही तर कशाला बोलता?" मग त्या समितीकडे वळल्या. "पहिल्या पानापासून दोनशे सातपर्यंतचं मी लिहिलंय. पेन्सिल माझी, मत माझं. आणि दूध म्हणजे दूध. वाचता वाचता उतू गेलं. ते या पुस्तकाचं कौतुक आहे, तक्रार नाही."

"तू वाचत होतीस?" अधीक्षक म्हणाले.

"मग काय, तुम्हीच वाचायचं? आणि ते पण उलटं? मला वाटलं तुम्हाला समजत नाहीये म्हणून पानं मागे-मागे जातायत."

"म्हणजे भांडण कशावरून लागलं ते तुला माहितीय?"

"माहितीय. सांगणार नाही. आणि तुम्ही शेवट सांगितलात तर बघा."

विमावाल्यांनी डोळे मिटून घेतले. धोका प्रत्यक्षात उतरला होता.

"माफी मागता का दोघं?" चिटणीसांनी आवाज चढवला.

"नाही," दोघंही म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांचं इतकं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

समिती आतल्या खोलीत गेली. वीस मिनिटांनी अध्यक्षांनी निर्णय वाचून दाखवला. सगळे शेरे खोडरबरानं पुसायचे. इथेच बसून, ग्रंथपालबाईंच्या नजरेसमोर, रोज सकाळी दहा ते बारा. पुस्तक दाराबाहेर जाणार नाही. "आणि ज्याचे शेरे त्याने पुसायचे नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "स्वतःचा दात कोणी मुळापासून काढत नाही, हा माझा अनुभव आहे. यांचे शेरे यांनी पुसावेत आणि यांचे यांनी." बोलताना त्यांनी बोटानं एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे दाखवलं.

चिटणीसांना शिक्षा कडक वाटली. शिक्षिकांनाही वाटली. फक्त अधीक्षक आणि काकू एकमेकांकडे बघत राहिले. काकूंचे शेरे पहिल्या भागात होते. ते अधीक्षकांनी पुसायचे. अधीक्षकांचे दुसऱ्या भागात, ते काकूंनी. आणि कुठला शेरा नीट पुसला गेलाय, हे मजकूर वाचल्याशिवाय ठरवणार कसं?

सोमवारपासून शिक्षा सुरू झाली. पहिला तास अधीक्षकांचा, दुसरा काकूंचा. ज्याची पाळी नसेल त्यानं खिडकीबाहेर बघायचं, असं त्यांचं आपापसात ठरलं. पण पहिल्याच दिवशी एक पेच उभा राहिला. पानं दोनशे आठ ते दोनशे दहा दोघांनीही वाचली नव्हती. तिथे शेरा नव्हता. शेरा नाही म्हणजे पुसायचं काही नाही, आणि पुसायचं नाही तर उघडायचं कशाला?

"शेरा नाही याची खात्री कोणी केली?" अधीक्षकांनी ग्रंथपालबाईंना विचारलं. "अहवालात काय लिहाल?"

बाईंना ते पटलं. ती तीन पानं दोघांनी एकदमच पाहिली, खांद्याला खांदा लावून.

धाकटी सून दोन महिने बापाच्या आजारपणात अडकलेली असते. तेवढे दिवस थोरली जाऊ, जिला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, रोज पहाटे उठून दुकान उघडते आणि भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना किल्ली देते. एकही बंद पडू देत नाही. मग धाकटी परत येते. थोरली काही सांगत नाही, धाकटी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून भांडण पूर्ववत चालू.

अधीक्षकांनी शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

"पोच नाही लागत हिच्याकडून," ते हळूच म्हणाले.

"कसली पोच?" काकूंनी विचारलं, आणि लगेच दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको, नको! सांगू नका. मी यायचीय अजून तिथे."

शिक्षा निगुतीनं चालू राहिली. एक शेरा पुसायला चार मिनिटं, आणि तो जिथे होता तिथला मजकूर तपासायला वीस. काकू अधीक्षकांचे शेरे पुसण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवत आणि त्यांच्यावर वाद होई. 'असहमत'वर एक अख्खी सकाळ गेली. ग्रंथपालबाई आधी "शू" म्हणायच्या, मग नुसत्या खुर्ची जवळ ओढून बसायला लागल्या. तीनशे सत्त्याहत्तरवर काकूंनी फक्त तारीख पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि ते पान न पुसताच उलटलं. बाईंनी तशी नोंद केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात चिटणीस तपासणीला आले. त्यांना दोन आरोपी आणि एक ग्रंथपाल एका पुस्तकावर वाकलेले आढळले, आणि वर्तमानपत्रं वाचायला आलेली चार माणसं वर्तमानपत्रं बाजूला ठेवून ऐकत होती. चिटणीस घाईघाईनं अध्यक्षांकडे गेले. संध्याकाळपर्यंत समितीची तातडीची सभा भरली आणि आरोपींचं वय व चांगली वर्तणूक लक्षात घेऊन उरलेली शिक्षा माफ करण्यात आली. पुस्तक कपाटात परत, दोघं उद्यापासून मोकळे, आणि सभासदत्व तेवढं वर्षभर बंद.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दोघं हजर. ग्रंथपालबाईंनी माफीचा कागद पुढे केला. "आता घरी जा. सुटलात तुम्ही."

"कोण म्हणतं?" काकूंनी पिशवीतून चार पानी अर्ज काढून टेबलावर ठेवला. मजकूर अधीक्षकांचा होता, अक्षर काकूंचं. "आम्हाला न विचारता आमची शिक्षा कमी केलीय. त्याविरुद्ध अपील आहे. आवक नंबर टाका आणि पोच द्या."

"शिक्षा माफ केल्याविरुद्ध अपील?" बाई म्हणाल्या. "असं कधी झालं नाही."

"म्हणून तर वेळ लागेल," अधीक्षक समाधानानं म्हणाले. "सभा बोलवावी लागेल, उपसमिती नेमावी लागेल. आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत मूळ शिक्षा चालू राहते. नियम आहे."

"खरंच नियम आहे?"

"नसल्याचं दाखवा."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग कपाट उघडून पुस्तक काढलं आणि स्वतःची खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पाचशे चव्वेचाळीसवर होतो ना आपण?" त्यांनी विचारलं.

"हो," काकू खोडरबर हातात घेत म्हणाल्या. "आणि यांना खिडकीकडे तोंड करायला सांगा. यांचा चेहरा बघितला की पुढचं सगळं कळतं."